कुलूपबंद आज्ञावली आणि मतदानाचे यंत्र

कुरखेडा हा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुका. विधानसभेसाठी तो आरमोरी मतदारसंघात मोडतो आणि लोकसभेसाठी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात. २०२४ साली येथे दोनदा मतदान झाले, १९ एप्रिलला लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. या जिल्ह्यातील काही केंद्रे इतकी आडबाजूला आहेत की मतदान पथकांना तेथे हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागते. यंत्र मात्र गडचिरोलीच्या जंगलात असो की मुंबईच्या उपनगरात, सारखेच असते. बहुतेक ठिकाणी ते शाळेच्याच खोलीत, शाळेच्याच बाकावर मांडले जाते आणि त्याच्यामागे बसलेले मतदान अधिकारी बहुधा शिक्षकच असतात.

अशा वेळी गावातला एखादा तरुण, किंवा आपलाच अकरावीतला विद्यार्थी, सरळ प्रश्न विचारतो. "गुरुजी, या यंत्रातला प्रोग्राम कोणी पाहिला आहे का? तो कोणी बदलला तर कळेल का?" यावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. एक, "आतला प्रोग्राम कुलूपबंद आहे, त्याला कोणीही हात लावू शकत नाही." दुसरे, "संगणकाचे काय, त्यात काहीही करता येते." दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. नेमके उत्तर द्यायचे तर आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रामला, कुलूप लावतात म्हणजे काय करतात आणि ते कुलूप किती टिकते, हे आधी समजून घ्यायला हवे.

आज्ञावलीची दोन रूपे

प्रोग्राम लिहिणारा माणूस तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. ही झाली मूळ आज्ञावली. संगणकाच्या प्रक्रियकाला, म्हणजे प्रोसेसरला, ही भाषा कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. मूळ आज्ञावलीचे आकड्यांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आकड्यांच्या माळेला यंत्रभाषेतील आज्ञावली. दुकानातून आपण जे सॉफ्टवेअर विकत घेतो, ती ही माळ असते. मूळ आज्ञावली कंपनीच्या कपाटातच राहते.

एका काल्पनिक, अगदी साध्या संगणकाचे उदाहरण घेऊ. त्याचा शब्दकोश असा: १० म्हणजे "वापरणाऱ्याकडून संख्या घे आणि सांगितलेल्या कप्प्यात ठेव", २० म्हणजे "त्या कप्प्यातील संख्येची दिलेल्या संख्येशी तुलना कर", ३० म्हणजे "दोन्ही समान असतील तर सांगितलेल्या घरावर उडी मार", ३१ म्हणजे "समान नसतील तर उडी मार", ४० म्हणजे "काही न बघता उडी मार" आणि ९९ म्हणजे "थांब". आता आपल्याला असा प्रोग्राम हवा आहे की ४७२९ ही परवलीची संख्या सांगणाऱ्यालाच पुढचे काम करू द्यावे. कंपायलर त्याची माळ अशी बनवील:

१० ५० २० ५० ४७२९ ३० ९ ९९ …

वाचून पाहू. संख्या घे आणि ५० व्या कप्प्यात ठेव. ५० व्या कप्प्यातील संख्येची ४७२९ शी तुलना कर. समान असेल तर ९ व्या घरावर जा. नाही तर थांब. नवव्या घरापासून खरे काम सुरू होते. माळेतील प्रत्येक आकडा म्हणजे एक घर, असे धरून मोजले की हिशेब जुळेल.

माळेतून मागे

वर आपण शब्दकोश हाती घेऊन माळ वाचली. हेच काम करणाऱ्या प्रोग्रामला डिसअसेंबलर म्हणतात. त्याही पुढे जाऊन, सुट्या आज्ञा जुळवून पुन्हा माणसाच्या भाषेसारखी मांडणी करून देणाऱ्याला डिकंपायलर म्हणतात. या उलट्या प्रवासात काही गोष्टी मात्र परत मिळत नाहीत. मूळ आज्ञावलीत कप्प्याला "वापरणाऱ्याने दिलेली संख्या" असे नाव असेल, शेजारी एखादी टीपही असेल. कंपायलरला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून तो त्या गाळून टाकतो. दळलेल्या पिठावरून धान्य कोणते ते सांगता येते, कणसे मात्र परत मिळत नाहीत, तसेच हे. जावासारख्या भाषांत भाषांतर अर्ध्यावरच थांबते आणि पुष्कळशी नावे तशीच राहतात. तेथे मागचा प्रवास बराच सोपा होतो.

क्रिस्टिना सिफुएन्तेस यांनी १९९४ साली ऑस्ट्रेलियात उलट्या भाषांतराच्या पद्धतींवर प्रबंध लिहिला. या विषयातील पुढच्या कामाचा तो एक पाया ठरला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 'घिद्रा' नावाचे असे साधन सर्वांना फुकट दिले. तेव्हापासून हे काम महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले आहे.

यंत्रभाषा उलगडणे म्हणजे चोरीच, असा समज करून घेऊ नये. संगणकाचा विषाणू लिहिणारा मूळ आज्ञावली कोणाला देत नसतो. १९९० च्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी विषाणूविरोधी सॉफ्टवेअरचा उद्योग उभा केला, तो पुढे क्विक हील म्हणून प्रसिद्ध झाला. असे सॉफ्टवेअर लिहायचे तर विषाणूची आकड्यांची माळ उलगडून वाचावीच लागते. आपला कॉपीराइट कायदाही हा भेद मानतो. १९९९ च्या दुरुस्तीनंतर, कायदेशीर मार्गाने हाती आलेला प्रोग्राम कोणत्या तत्त्वावर चालतो हे त्याचे निरीक्षण आणि चाचणी करून शोधायला, तसेच दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढायला, काही अटींवर मुभा आहे. प्रती काढून विकायला अर्थातच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला.

एक आकडा बदलला की…

आता क्रॅक करणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या माळेत परवलीची संख्या ४७२९ उघडीच पडली आहे. वाचणाऱ्याला ती लगेच सापडेल. पण ती शोधायचीही गरज नाही. सहाव्या घरातील ३० च्या जागी ४० लिहा. आता कोणतीही संख्या द्या, प्रोग्राम थेट नवव्या घरावर उडी मारील. पहारेकरी उभा आहे, ओळखपत्रही विचारतो आहे, पण काहीही दाखवले तरी आत सोडतो आहे.

हे काल्पनिक संगणकापुरतेच खरे नाही. आपल्या घरगुती संगणकांत इंटेल जातीचा प्रक्रियक असेल तर त्याच्या यंत्रभाषेत "समान असेल तर उडी" या आज्ञेचा एक क्रमांक ११६ आहे आणि "समान नसेल तर उडी" हिचा ११७. द्विमान पद्धतीत लिहिले तर ०१११०१०० आणि ०१११०१०१. फरक शेवटच्या एका बिटचा! लाखो आज्ञांच्या सॉफ्टवेअरचे कुलूप कधी कधी अशा एका बिटवर लोंबकळत असते. कठीण असते ते नेमके घर शोधणे. एकदा ते सापडले की बदल क्षणात होतो.

कुलपांचे प्रकार

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी यावर अनेक उपाय योजले. ते एकेक करून पाहू.

पहिला उपाय, परवलीची संख्या लपवणे. तिच्यावर अशी गणिती प्रक्रिया करायची की उत्तरावरून मूळ संख्या काढता येऊ नये, आणि माळेत फक्त ते उत्तर ठेवायचे. संख्या लपते, पण "समान असेल तर" ही आज्ञा उघडीच राहते.

दुसरा, प्रोग्रामने स्वतःची तपासणी करणे. सर्व घरांतील आकड्यांची ठरावीक रीतीने बेरीज करून ती नोंदवायची. कोणी एक आकडा बदलला तर बेरीज बदलेल आणि प्रोग्राम थांबेल. युक्ती चांगली आहे, पण बेरीज तपासणारा भागही त्याच माळेत असतो. तोही बदलता येतो.

तिसरा, माळ सांकेतिक रूपात साठवणे. फाइल वाचली तर अर्थहीन आकडे दिसतात. पण प्रक्रियकाला चालवायची तर माळ कधी ना कधी उलगडावीच लागते, आणि उलगडण्याची रीत प्रोग्रामच्या सुरुवातीलाच द्यावी लागते. क्रॅक करणारा तो क्षण गाठतो आणि स्मृतीतील उलगडलेली माळ टिपून घेतो.

चौथा, गुंता करणे. एका उडीच्या जागी दहा उड्या, मध्ये निरुपयोगी आकडेमोड, कधीच न चालणाऱ्या वाटा. काम तेच होते, पण वाचणाऱ्याची दमछाक होते.

पाचवा उपाय मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या छापखान्यांतील मंडळींच्या चांगला परिचयाचा आहे. श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरबरोबर काडेपेटीएवढे एक 'लॉक' मिळत असे. ते संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या खोबणीत बसवायचे. पुढे ते यूएसबीत बसू लागले. प्रोग्राम अधूनमधून त्या लॉकला प्रश्न विचारतो आणि अपेक्षित उत्तर आले नाही तर काम थांबवतो. मात्र उत्तर तपासणारी आज्ञा पुन्हा "समान असेल तर" हीच असते. म्हणून चांगल्या लॉकमध्ये नुसते उत्तर नसते, प्रोग्रामचा एखादा आवश्यक भागच त्यात ठेवलेला असतो.

सहावा उपाय, सर्व आज्ञावली एका चिपमध्ये बंद करणे. काही चिपमध्ये आज्ञावली कारखान्यात चिप घडवतानाच कोरली जाते, तर काहींमध्ये ती एकदाच लिहिता येते. नंतर ती पुसता येत नाही, आणि बाहेरच्या तारांतून वाचता येऊ नये अशी सोयही करता येते. चिपचे कवच आम्लाने विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली आज्ञावली वाचण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत झाले आहेत, पण ते काम खर्चाचे आणि कौशल्याचे आहे.

कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत

पहिल्या पाच उपायांत एक समान दुबळेपणा दिसतो. संदेश गुप्त लिपीत पाठवताना पाठवणारा आणि घेणारा हे दोघे मित्र असतात आणि चोर तिसरा असतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत माल ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्यापासूनच तो लपवायचा असतो. प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या संगणकावर चालायचा तर तो उलगडण्यासाठी लागणारे सर्व काही गिऱ्हाइकाच्या घरी पाठवावेच लागते. कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत!

गणितज्ञांनी या प्रश्नाचा तळ गाठण्याचा प्रयत्न केला आहे. बोआझ बराक, अमित सहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सिद्ध केले की, कोणताही प्रोग्राम दिला तरी त्याला पूर्ण अपारदर्शक करून देईल अशी सर्वसाधारण रीत असू शकत नाही. काही प्रोग्राम असे असतात की त्यांचा गुंता कितीही केला तरी माळ हाती असणाऱ्याला, नुसते चालवून पाहणाऱ्यापेक्षा अधिक काही कळतेच. थोड्या सौम्य अर्थाची अपारदर्शकता मात्र शक्य आहे, हेही पुढच्या संशोधनातून दिसले. पण रोजच्या वापरासाठी ती अजून फार जड आहे.

तेव्हा सॉफ्टवेअरचे कुलूप हे घराच्या कुलपासारखेच मानावे. ते चोराला उशीर लावते. एखाद्या खेळाच्या सॉफ्टवेअरचे कुलूप सहा महिने टिकले तर विकणाऱ्याचे काम झाले, कारण तोवर विक्री होऊन गेलेली असते. पण ज्या प्रोग्रामवर अनेक वर्षे, कोट्यवधी लोकांनी विश्वास ठेवायचा आहे, त्याचे काय?

तपासनीसही बाहेरच

येथे कुलपाची दुसरी बाजू समोर येते. चोराला बाहेर ठेवणारे कुलूप तपासनीसालाही बाहेर ठेवते.

फोक्सवॅगन मोटारींचे प्रकरण हे याचे बोलके उदाहरण. आजच्या मोटारीचे इंजिन एका छोट्या संगणकाच्या हुकमाने चालते आणि त्यातील आज्ञावली कंपनीची खाजगी असते. या कंपनीच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली, आपली प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे ओळखत असे. स्टिअरिंग फारसे वळत नाही, वेग ठरावीक क्रमाने बदलतो, अशा खुणांवरून. चाचणी असेल तेव्हा धूर स्वच्छ, एरवी रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक! चाचण्या वर्षानुवर्षे होत होत्या आणि मोटारी वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत होत्या.

लबाडीचा सुगावा आज्ञावली वाचून लागला नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजणारे यंत्र मोटारीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीवर जाहीर ठपका ठेवला आणि जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही आज्ञावली असल्याचे कंपनीने मान्य केले. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेने रस्त्यावरच्या चाचण्या केल्या. प्रयोगशाळेतील आणि रस्त्यावरील आकड्यांत तफावत आढळली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सव्वातीन लाखांच्या आसपास मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, नमुना चाचणीत प्रोग्राम बरोबर वागला म्हणजे तो नेहमीच बरोबर वागेल असे म्हणता येत नाही. दोन, आज्ञावली वाचता येत नसेल तरीही, तिच्या नियंत्रणाबाहेरचे एखादे स्वतंत्र मोजमाप केले तर खरे काय ते कळू शकते.

मुंबईतले यंत्र

आता मतदान यंत्राकडे वळू. भारतीय यंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सरकारी कंपन्या बनवतात. यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक रचना केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा आहे. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ती प्रथम वापरली गेली. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर याच यंत्रांवर झाली. आज्ञावली सहाव्या उपायाने, म्हणजे चिपमध्ये कायमची, बंद केलेली असते. यंत्र कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते.

२०१० मध्ये हैदराबादचे हरिप्रसाद, अमेरिकेतील प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंगग्रैप यांच्या गटाने असे एक यंत्र उघडून तपासले. ते मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातील होते. ते बाहेर कसे गेले यावरून ऑगस्ट २०१० मध्ये हरिप्रसाद यांना अटक झाली, पुढे जामीन मिळाला. त्या कायदेशीर वादात न शिरता तांत्रिक भाग पाहू.

या गटाने चिपमधील आज्ञावली फोडली नाही. तिला त्यांनी हातच लावला नाही. त्यांनी निकाल दाखवणारी पाटी बदलली. हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत स्वतःची चिप असलेली पाटी बसवली. मूळ यंत्र बरोबर बेरीज पाठवायचे आणि पाटी चुकीचे आकडे दाखवायची. दुसऱ्या प्रयोगात, मते साठवणाऱ्या स्मृतीच्या चिपला एक छोटा चिमटा लावून त्यांनी साठवलेली मतेच बदलून दाखवली. भक्कम तिजोरी तशीच ठेवून हिशेबाची वही बदलण्यासारखे हे झाले.

निवडणूक आयोगाचे उत्तर होते की हे सारे यंत्र उघडायला मिळाले तरच शक्य आहे, आणि प्रत्यक्ष निवडणुकीत मोहोरबंद खोल्या, कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाईल हे ऐन वेळी संगणकाने ठरवणे, प्रतिनिधींसमोरचे अभिरूप मतदान आणि सह्या यांमुळे तशी संधी मिळत नाही. नंतरच्या पिढीच्या यंत्रांत भाग एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि कोणी उघडण्याचा प्रयत्न केल्यास यंत्र बंद पडते. हा मुद्दा रास्त आहे. एखादे यंत्र प्रयोगशाळेत फसवता आले म्हणजे एखादी निवडणूक फसवली गेली, असे मुळीच सिद्ध होत नाही. पण मग संरक्षण चिपच्या कुलपाने झाले नाही. ते मोहोर, नोंदवही आणि माणसांच्या नजरेने झाले. आपण शिक्षक मतदान केंद्रावर बसून जे काम करतो, ते हेच.

मूळ आज्ञावलीच दाखवली तर?

मग ती जाहीरच का करू नये, असे सुचेल. ऑग्युस्त केर्कहोफ्स याने १८८३ साली लष्करी गुप्तलेखनाबद्दल एक तत्त्व मांडले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त फक्त किल्ली असावी. बँकांच्या व्यवहारांना संरक्षण देणाऱ्या गणिती पद्धती याच न्यायाने जगापुढे उघड्या आहेत. भारतात मात्र मतदान यंत्राची मूळ आज्ञावली जाहीर केलेली नाही. तिच्या लेखापरीक्षणाची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. ती उघड झाली तर तिचा दुरुपयोग होईल, हा यामागचा युक्तिवाद.

आज्ञावली जाहीर करण्याच्या बाजूने बरेच बोलता येईल. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांनी १९८४ साली एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. मूळ आज्ञावली निर्दोष असली तरी भाषांतर करणारा कंपायलरच लबाड असेल, तर यंत्रभाषेच्या माळेत तो गुपचूप चोरदरवाजा घालू शकतो, आणि स्वतःच्या मूळ आज्ञावलीत त्याचा मागमूसही ठेवत नाही. कागदावर वाचलेली आज्ञावलीच आपल्या बाकावरच्या यंत्रात आहे, हे मतदाराला कसे कळणार?

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ मध्ये याच प्रश्नाला हात घातला. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, तांत्रिक ज्ञानाशिवाय, पडताळून पाहता आले पाहिजेत, असे त्या न्यायालयाने म्हटले आणि तेथे वापरलेली यंत्रे या कसोटीला उतरत नसल्याचा निर्णय दिला.

सात सेकंदांची चिठ्ठी

रोनाल्ड रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी २००६ मध्ये एक नेमकी कसोटी सुचवली. सॉफ्टवेअरमध्ये नकळत झालेल्या चुकीमुळे किंवा बदलामुळे निकालात नकळत बदल होऊ शकत नसेल, तर ती मतदान पद्धत सॉफ्टवेअर-निरपेक्ष म्हणावी. प्रोग्राम निर्दोष आहे हे सिद्ध करा, असे ही कसोटी म्हणत नाही. तो सदोष असला तर ते कळेल अशी व्यवस्था करा, एवढेच म्हणते.

आपली व्हीव्हीपॅटची चिठ्ठी हे त्या दिशेचे पाऊल आहे. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये तिचा टप्प्याटप्प्याने वापर करण्याचा आदेश दिला. २०१७ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत ती सर्व ४० मतदारसंघांत होती. बटण दाबल्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. छापलेला मजकूर नंतर कोणताही प्रोग्राम बदलू शकत नाही, आणि चिठ्ठ्या माणसे हाताने मोजू शकतात. फोक्सवॅगनच्या बाबतीत जे काम रस्त्यावरच्या मोजमापाने केले, तेच येथे कागदाने करायचे आहे.

मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. चिठ्ठी मतदाराने पाहिली पाहिजे, आणि पुरेशा चिठ्ठ्या मोजल्या गेल्या पाहिजेत. एप्रिल २०१९ च्या न्यायालयीन आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि तेथील चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडून पाहतात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी करता येईल, अशी सोय करून दिली.

वर्गात करून पाहा

आठवी-नववीच्या वर्गात वरचा काल्पनिक शब्दकोश फळ्यावर लिहा. एका गटाला मराठीतील सूचना द्या, त्याने त्यांची माळ बनवावी. दुसऱ्या गटाने माळेवरून सूचना ओळखाव्यात. तिसऱ्या गटाने एकच आकडा बदलून अर्थ उलटा करून दाखवावा. कंपायलर, डिकंपायलर आणि क्रॅक या तिन्ही कल्पना एका तासात स्पष्ट होतात.

अकरावी-बारावीसाठी संभाव्यतेचे गणित घ्या. समजा, एका विधानसभा क्षेत्रात ३०० केंद्रे आहेत आणि त्यांतील ३० यंत्रे, म्हणजे दहा टक्के, सदोष आहेत. यादृच्छिक निवडलेले एक यंत्र निर्दोष निघण्याची शक्यता ०.९. पाचही निर्दोष निघण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९. म्हणजे दोष सुटून जाण्याची शक्यता ५९ टक्के! पाचाऐवजी ३० केंद्रे मोजली तर ती सुमारे ४ टक्क्यांवर येते. आता असाच दोष २० विधानसभा क्षेत्रांत असेल तर प्रत्येकी पाच केंद्रे मोजूनही सगळीकडे तो सुटून जाण्याची शक्यता ०.९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३८ हजारांत एक. व्यापक गडबड पाच केंद्रांच्या मोजणीतून सुटणे जवळजवळ अशक्य, पण एखाद्याच मतदारसंघातील गडबड सुटू शकते. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः केले तर वादातील दोन्ही बाजू त्यांना घोषणांशिवाय समजतील.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. चिपमधील आज्ञावली बदलणे अतिशय अवघड आहे, पण आपण यंत्रावर विश्वास ठेवतो तो त्यासाठी नव्हे. विश्वास ठेवायचा तो आज्ञावलीच्या बाहेर असलेल्या पुराव्यावर: प्रतिनिधींसमोर झालेल्या अभिरूप मतदानावर, मोहोरेवर, मतांच्या हिशेबाच्या १७ सी नमुन्यावरील सह्यांवर आणि काचेमागच्या चिठ्ठीवर. यांतील शेवटचा पुरावा मतदाराच्या नजरेशिवाय निरर्थक आहे. ज्याने चिठ्ठीकडे पाहिलेच नाही, त्याच्या चिठ्ठीवर काय छापले गेले हे कोणीही सांगू शकणार नाही. चिठ्ठी चुकीची दिसली तर मतदाराला तेथेच मतदान केंद्राध्यक्षांकडे लेखी तक्रार करता येते आणि चाचणी मत टाकून ती तपासली जाते. तक्रार खोटी ठरल्यास शिक्षेची तरतूद आहे, हेही सांगावे.

गावात मतदार जागृतीची फेरी निघते तेव्हा "मतदान करा" ही घोषणा असतेच. तिच्या जोडीला आणखी एक वाक्य मुलांच्या तोंडी द्यावे: बटण दाबल्यावर सात सेकंद थांबा, चिठ्ठीवरचे चिन्ह बघा. वाचता न येणाऱ्या आजीलाही हे करता येते. त्यासाठी कोणतीही आज्ञावली उलगडावी लागत नाही.